टिंपनीच्या पार्टवरची पेन्सिल

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मला नवी नोकरी लागली. मी गिरगावात आईला फोन करून सांगितलं, "आई, ऑर्केस्ट्रात लागले." पलीकडे आधी दार लोटल्याचा आवाज आला. मग आई दबक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे बारमध्ये?"

तिची काही चूक नव्हती. आमच्या चाळीत ऑर्केस्ट्रा म्हणजे दोनच गोष्टी. एक तर गणपतीत स्टेजवर सिनेमाची जुनी गाणी म्हणणारे आणि मधेमधे नटांचे आवाज काढणारे लोक. नाहीतर हायवेलगतच्या त्या जागा, ज्यांच्या पाटीवर ऑर्केस्ट्रा बार असं चमचमत असतं. मी तिला समजावलं की हा सिंफनी ऑर्केस्ट्रा, साहेबी संगीताचा, सत्तर-ऐंशी माणसं काळे कपडे घालून बसतात आणि एक अक्षर गात नाहीत. "मग तू तिथे काय करणार? गल्ल्यावर बसणार?" मी म्हटलं, "कागद सांभाळणार." तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. कागद सांभाळणं आमच्या घरात पिढीजात. आजोबा गोदीत कारकून, वडील कचेरीत कारकून, आणि मी एका कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये वीस वर्षं काढलेली, कॉम्प्युटरने ती रूमच गिळली तोपर्यंत.

आमच्या ऑर्केस्ट्राची तालमीची जागा परळला, एका बंद गिरणीच्या जुन्या कँटीनमध्ये. खाली हॉल, वर माझी लायब्ररी: सहा लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि पश्चिमेची मोठी खिडकी. या लायब्ररीत पुस्तकं नसतात, पार्ट असतात. सिंफनीत प्रत्येक वाद्याच्या वाट्याचं नोटेशन वेगळ्या वहीत छापलेलं असतं, त्या वहीला पार्ट म्हणतात. व्हायोलिनचे निराळे, बासरीचा निराळा. वादक त्यावर पेन्सिलने खुणा करत जातात. बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, कुठे वर, कुठे खाली, कुठे समोर उभं राहून ताल देणाऱ्या कंडक्टरकडे बघायचं.

पुष्कळदा हे पार्ट परदेशातल्या प्रकाशकाकडून भाड्याने यायचे. कार्यक्रम झाला की पेन्सिलीचा एकूण एक डाग काढून परत पाठवायचे. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हे पाठवायला तयार करा." तयार करा म्हणजे खोडा. मी मनात हसले. खोडायला मला शिकवता? मी गिरगावातली आहे!

आमच्याकडे शाळेची पुस्तकं कधी नवी यायची नाहीत. वरच्या मजल्यावरच्या ताईची मला, माझी मावसभावाला, त्याची आणखी कुणाला. मे महिन्यात परीक्षेचा निकाल लागला की आई मला गॅलरीत बसवायची, हातात खोडरबर, मांडीवर पुस्तकांची चळत. ताईने पेन्सिलीने लिहिलेली सगळी उत्तरं खोडायची. पण खोडताना ती वाचली गेली तर ती फसवणूक. म्हणून आईचा कडक नियम: पुस्तक उलटं धरून खोडायचं. अक्षरं खाली डोकं वर पाय अशी दिसली की ती नुसत्या रेघा होतात. मी आठ वर्षं उलटं धरून खोडलं. कागद न फाटता, कोपरा न दुमडता, पानावर काय होतं ते न कळता. त्याचा मला अभिमान होता. अजूनही असता.

पहिल्याच गठ्ठ्यावर प्रकाशकाचं कौतुकाचं पत्र आलं. इतके स्वच्छ पार्ट आम्हाला कुठूनच परत येत नाहीत, असं. मॅनेजरबाईंनी ते नोटीस बोर्डावर लावलं. मी हवेत.

पुढच्या महिन्यात ऑर्केस्ट्राचा रौप्यमहोत्सव होता. पहिल्या कार्यक्रमात जी सिंफनी वाजवली होती तीच पुन्हा वाजवायची ठरली. मॅनेजरबाई जिन्यातूनच ओरडून गेल्या, "चौथ्या कपाटातला संच तयार करून ठेवा हं, सोमवारपासून तालमी!" मी चौथं कपाट उघडलं. बाप रे! इतके घाण पार्ट मी बघितले नव्हते. पानापानावर पेन्सिलीचा चिखल. वर्तुळं, बाण, समासात मजकूर, कुठे चेहरे काढलेले, कुठे तारखा. मला त्या लोकांचा रागच आला. मोठे कलाकार म्हणवतात आणि वहीला किंमत नाही! चार दिवस मी जेवणाचा डबासुद्धा धड उघडला नाही. एकूण एक पार्ट उलटा धरला आणि खोडला. शनिवारी संध्याकाळी टेबलावर पांढरीशुभ्र चळत होती आणि माझ्या उजव्या अंगठ्याला फोड आला होता.

सोमवारी सकाळी मॅनेजरबाई वर आल्या. वरचा पार्ट उघडला. दुसरा उघडला. तिसरा, चौथा. मी शाबासकीची वाट बघत उभी. त्या खुर्चीत बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "हा आपला स्वतःचा संच होता."

मला कळेना. स्वतःचा तर स्वतःचा, मग स्वच्छ नको?

"पंचवीस वर्षं," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षांच्या खुणा होत्या त्यात. तयार करा म्हणजे फायलीत घालून वादकांपुढच्या स्टँडवर लावा. देवा, खोडायचं कशाला? खोडायचं कशाला हो?" आणि त्या रडायला लागल्या. मी इतक्या मोठ्या हुद्द्याच्या बाईला रडताना पहिल्यांदा पाहिलं.  हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

त्या दिवशी ऑर्केस्ट्राचा सगळा इतिहास मला कळला. कुणी सांगायला म्हणून नाही सांगितला. एकेक वादक भांडायला वर आला आणि आपल्या पार्टवर काय होतं ते माझ्या तोंडावर ऐकवून गेला. चेलो, म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवणारे गृहस्थ म्हणाले, पहिला कार्यक्रम दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाला, खुर्च्या लग्नाच्या मंडपवाल्याकडून आणलेल्या. सिंफनीच्या चार भागांपैकी तिसऱ्यात वीज गेली. कुणी थांबलं नाही, अंधारात पाठ होतं तेवढं वाजवत राहिले आणि दिवे आले तेव्हा सगळे एकाच सुरावर होते. "मी त्या ओळीवर लिहिलं होतं, इथे दिवे गेले, आपण नाही. तुम्ही ते पुसलंत." ओबो, म्हणजे साहेबी सनई, वाजवणाऱ्या बाईंनी पहिल्या परदेश दौऱ्यात प्रत्येक शहरात प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून किती वेळा स्टेजवर परत बोलावलं त्याच्या रेघा शेवटच्या पानावर मारल्या होत्या. एका गावात सात रेघा. मुंबईचा ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर तिथले लोक आधी सिनेमाची गाणी ऐकायला मिळतील म्हणून आले होते म्हणे. म्हणजे आमच्या आईसारखेच.

सगळ्यात वाईट वाटलं ते हॉर्नचं, म्हणजे त्या वेटोळ्या पितळी तुतारीचं. सुरुवातीची कित्येक वर्षं हॉर्न वाजवायला इथे कुणी नव्हतंच, चारही माणसं परदेशातून आणावी लागत. ती माणसं इथल्या पोरांना शिकवत गेली. एकेक खुर्ची आपल्या माणसांनी भरली. शेवटचा परदेशी हॉर्नवाला निवृत्त होऊन गेला तेव्हा त्याने पहिल्या पानाच्या कोपऱ्यात आपल्या विद्यार्थिनीसाठी तिच्याकडूनच शिकलेल्या मोडक्या मराठीत दोन शब्द लिहिले होते: आता तुझं. ती विद्यार्थिनी आता चाळिशीची. ती भांडली नाही. तिने तो कोपरा बोटाने चाचपला आणि खाली निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मास्तर सगळ्यात शेवटी आले. मास्तर टिंपनी वाजवायचे. टिंपनी म्हणजे तांब्याच्या मोठ्या कढयांवर चामडं ताणलेले नगारे, चार एकत्र, ऑर्केस्ट्राच्या पार मागे. मास्तर शीव कोळीवाड्याचे. लहानपणी वडिलांच्या बँडमध्ये हळदीला-लग्नाला ताशा बडवायचे, मग सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, आणि त्या शाळेच्या हॉलमधल्या पहिल्या कार्यक्रमापासून इथे. सत्तरी उलटलेली. रौप्यमहोत्सवानंतर ते थांबणार होते आणि त्या संध्याकाळी त्यांचा खास सत्कार होणार होता.

ते दारात उभे राहून म्हणाले, "माजा पन खोडलास?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता हेही सुनावतील. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. त्यांनी दाराची चौकट धरली, "बरं, बरं," म्हणाले आणि जिना उतरायला लागले. तीन पायऱ्यांवर थांबले, पुन्हा चढले, आणि विचारलं, "पार्ट माजा खोडला काय?" मी म्हटलं, हो मास्तर, चुकले मी. त्यांनी आत्ताच हे विचारलं होतं हे माझ्या लक्षात आलं, पण धक्क्याने माणूस दोनदा विचारतो असं मी धरून चालले. मीही त्या दिवशी शुद्धीवर नव्हते.

वाजवण्याच्या खुणा परत घालणं एवढं कठीण गेलं नाही. प्रत्येक गटाच्या प्रमुखाने दोन दिवस बसून बो वर-खाली पुन्हा लिहून काढलं. मला शिव्या घालत, पण काढलं. बुधवारच्या तालमीला मी खाली मागच्या बाकावर बसले होते. टिंपनीला सिंफनीत वाजवायला कमी आणि थांबायला फार. चाळीस-पन्नास आवर्तनं नुसतं मनात मोजत बसायचं आणि नेमक्या जागी घाव घालायचा. दुसऱ्या भागात सगळी वाद्यं दबकत चालली होती, बासरी एकटीच बोलत होती, आणि मागून धाडकन आवाज आला. लोक हसले. मास्तरही हसले. कंडक्टरने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तोच धाडकन, या वेळी आणखी आधी. आता कुणी हसलं नाही. तिसऱ्या वेळी जिथे वाजायला हवं तिथे वाजलंच नाही. मास्तर काठ्या मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होते.

तालीम संपल्यावर कंडक्टर मॅनेजरबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "शुक्रवारी पुन्हा असं झालं तर कार्यक्रमाला दुसऱ्याला बसवू. सत्कार करू, पण वाजवायला नको." मी ते ऐकलं. पंचवीस वर्षं वाजवलेला माणूस शेवटच्या दिवशी हार गळ्यात घालून दुसऱ्याचं वाजवणं ऐकत बसणार, आणि ते माझ्या खोडरबरामुळे. मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचा पार्ट काढला आणि खिडकीपाशी नेला. मास्तर पेन्सिल दाबून लिहिणारे. शिसं मी काढलं होतं, पण कागदावर पडलेले चर काही खोडरबराने जात नाहीत. पान तिरकं धरलं की उन्हात चर दिसत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा पुसलेलं सरळ धरून वाचायला बसले.

सुरुवातीला साधंच होतं. बत्तीस मोज. बासरी आली की काठ्या उचल. मी हलक्या हाताने चरांतून पेन्सिल फिरवत गेले. मग समासात आलं: घाबरू नको, तुला येतं हे. मला वाटलं, तरुणपणी लिहिलं असेल. पुढच्या पानावर: पहिला भाग वाजवून झाला. हा दुसरा. मी थांबले. हे कोण कशाला लिहील? पुढे: समोर उंचावर उभा तो कंडक्टर. त्याचा डावा हात बघ. आणि तिसऱ्या भागाच्या वर, मोठ्या अक्षरांत: घरची बाहेर बसली आहे. एकटा जाऊ नको. ती नेईल.

मी पेन्सिल खाली ठेवली. मास्तर विसरायला लागले होते. एखादं नाव, एखादी वस्तू असं नव्हे. आपण कुठे बसलोय हेच. किती दिवस, देव जाणे. आणि कुणाला पत्ता लागू न देता त्यांनी त्या वहीत स्वतःलाच सगळं सांगून ठेवलं होतं. टिंपनीचा पार्ट एकट्याचा असतो, शेजारी डोकावणारं कुणी नसतं. तो माणूस त्या ओळींना धरून चालत होता आणि मी ती वही उलटी धरून, न वाचता, साफ केली होती. किती स्वच्छ केली होती!  मी मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मॅनेजरबाईंना सांगावं का, हे माझ्या मनात आलं. सांगितलं असतं तर त्यांनी मास्तरांना प्रेमाने घरी बसवलं असतं, आणि कदाचित ते बरोबरही होतं. पण मी ज्याचं लपवलेलं उघडं पाडलं त्याचंच आणखी चार लोकांत सांगायचं, हे माझ्याने होईना. मी सगळं जसंच्या तसं परत लिहिलं. त्यांच्याच चरांतून, त्यांच्याच वळणाने. फक्त एक जागा राहिली. शेवटच्या पानावर, शेवटच्या सुराच्या खाली दोन ओळी होत्या. तिथे मी इतकं घासलं होतं की कागदाचे धागे वर आले होते. उन्हात धरलं, दिव्यात धरलं, काही लागेना. म्हटलं, वाजवायचं संपल्यावर काय महत्त्वाचं असणार. सोडून दिलं.

शुक्रवारी मास्तरांनी पार्ट उघडला. बराच वेळ बघत राहिले. मग मान वर करून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, की नुसतंच पाहिलं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी एक घाव चुकला नाही.

महोत्सवाच्या संध्याकाळी मी विंगेत उभी होते. हॉल भरलेला. आईलाही आणलं होतं, ती पहिल्या भागानंतर टाळ्या वाजवायला गेली आणि शेजारच्याने तिला थांबवलं, सिंफनी पुरी संपेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून. मला ऐकू काहीच येत नव्हतं, मी फक्त मास्तरांच्या काठ्या बघत होते. उचलल्या, थांबल्या, पडल्या. चौथा भाग संपत आला तेव्हा त्या कढयांतून जो गडगडाट निघाला त्याने माझ्या पायाखालची लाकडं थरथरली. शेवटचा सूर. संपलं! सगळा हॉल उभा राहिला. ऑर्केस्ट्रा उभा राहिला.

मास्तर बसून होते. काठ्या हवेत धरलेल्या, डोळे पानावर, पुढचं शोधत.

कंडक्टरने हात लांब करून खास त्यांना उठायची खूण केली. ते उठले नाहीत. टाळ्या वाढल्या. माझ्या शेजारी मॅनेजरबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, एवढा मोठा माणूस, पण उठत नाही. किती नम्र." हार घेऊन पाहुणे त्यांच्या खुर्चीपर्यंत गेले आणि बसल्या बसल्याच तो गळ्यात घातला. लोकांना ते फार आवडलं. मला मात्र विंगेतला पडदा हातात घट्ट धरावा लागला.

हॉल रिकामा झाला, वादक कपडे बदलायला गेले, आणि मास्तर तिथेच. तेवढ्यात स्टेजच्या बाजूच्या जिन्याने एक म्हातारी बाई आली. हिरवं लुगडं, नाकात मोठी मोरणी. मी कधी बघितलं नव्हतं तरी ओळखलं.

"तूच लिवलंस ना गो परत?" तिने मला विचारलं. "मना वाचता येत नाय. पन मागल्या येलेला ते वही घरी आनून रोज वाचून दाखवायचं, मना पाठ झालाय सगला. शेवटचा ऱ्हायला तुजा."

"काय होतं तिथे?"

तिने डोळे मिटून पाढा म्हणावा तसं म्हटलं, "झालं. आता सगळे उठतील, तू पन ऊठ. टाळ्या तुझ्या पन आहेत."

मला तिच्याकडे बघवेना. तिने माझ्या खांद्याला हात लावला. "लिव. लिवल्याबिगर नाय उटायचं ते."

मी स्टेजवर गेले, मास्तरांच्या स्टँडवर वाकले आणि धागे निघालेल्या कागदावर त्या दोन ओळी लिहिल्या. मास्तरांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. काठ्या खाली ठेवल्या. मग गळ्यातला हार नीट केला, उभे राहिले आणि रिकाम्या खुर्च्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. त्यांची बायको विंगेत एकटीच टाळ्या वाजवत होती आणि मला माझे हात उचलता येत नव्हते.